चार चाचण्या, चार निकाल: हार्ड डिस्क आजारी आहे की नाही, हे कुणाला विचारायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं आणि तेव्हापासून सांगलीतल्या आमच्या दुकानात जुन्या पीसींची रीघ लागली आहे. "नवीन घेतलंय, जुन्यातला डेटा तेवढा यात टाकून द्या," एवढंच काम. ऐकायला सोपं. पण जी डिस्क गेली आठ-दहा वर्षं रोज टॅली उघडून बंद करण्यापलीकडे फारसं काही करत नव्हती, जिच्या कोपऱ्यातल्या जुन्या फोटोंना कुणी परत हातही लावला नव्हता, तिला अचानक 'सगळंच्या सगळं काढून दे' म्हटलं की लपलेलं दुखणं बाहेर येतं. हिरवी पट्टी सरकत सरकत ६३ टक्क्यांवर येते आणि थांबते. मग कितीही चहा प्या, ती ६३ वरच.

मार्चअखेरीला मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी असाच पीसी घेऊन आले. पोरगा इंजिनिअरिंगला, त्यामुळे घरी सगळे प्रयोग झालेले. वहीच्या पानावर त्यानं चार निकाल लिहून दिले होते. विंडोजचं चेकडिस्क म्हणतंय, काही अडचण नाही. डिस्कच्या कंपनीच्या टूलची छोटी चाचणी म्हणतेय, पास. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं पडलंय आणि 'कॉशन' दाखवतंय. व्हिक्टोरिया नावाच्या टूलमध्ये चौकोन भरत जाताना शेवटी शेवटी केशरी-लाल ठिपके आणि तीन निळे. मालकांनी पान माझ्यापुढं सरकवलं. "चार डॉक्टर, चार रोग. आता खरं कुणाचं धरायचं ओ?"

खरं चौघांचंही होतं. प्रत्येकाला प्रश्नच वेगळा विचारला गेला होता.

## पेव आणि दिवाणजी

हार्ड डिस्कच्या डब्यात आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेतात, डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये ७२००. त्यांच्यावरून एक बारीकसं हेड तरंगत जातं. तबकडीला ते टेकत नाही. मधली फट काही नॅनोमीटरची, म्हणजे आपला केस तिच्या हजारो पट जाड. चालू डिस्कला बसलेला धक्का म्हणूनच वाईट. आणि 'जरा उघडून बघतो' म्हणणाऱ्याच्या हातात डिस्क का देऊ नये, हेही त्या फटीवरून समजावं. स्क्रू काढल्यावर आत जाणारा धुळीचा कण हेडच्या मानानं धोंडा असतो.

तबकडीवर माल ठेवायचे बारीक खण असतात. या खणाला सेक्टर म्हणतात. आजकालच्या डिस्कमध्ये एक सेक्टर ४०९६ बाइटचा, म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये साधारण २४ कोटी ४१ लाख सेक्टर झाले. एवढ्यात काही कच्चे निघणार हे कारखान्यालाही ठाऊक असतं, म्हणून बरेच खण राखीव ठेवलेले असतात.

हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुढचं लवकर समजेल. जमिनीत खोदलेलं कोठार, आत हळद, तोंड बंद. वरची माती कोरडी दिसते म्हणून आतल्या मालाला ओल लागली नसेल असं कुठलाही व्यापारी म्हणणार नाही. डिस्कचंही तसंच. विंडोज सुरू होतंय, टॅली उघडतंय, म्हणजे वरची माती कोरडी आहे एवढंच.

या पेवावर एक दिवाणजी बसवलेला असतो. तो डिस्कच्या आतच असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात, पण आपण दिवाणजीच म्हणू. तुम्ही फाइल मागितली की तो नेमक्या खणातून माल काढून देतो. एखादा खण नीट वाचता येईना की तो पुन्हा वाचतो, परत एकदा वाचतो. नाहीच जमलं तर 'हा खण संशयित' अशी नोंद करून पुढे जातो. नंतर कधी त्याच खणात नवं काही लिहायची वेळ आली की तो ठरवतो: नीट लिहिलं गेलं तर संशय मिटला, नाहीतर राखीवातला एक खण घ्यायचा, जुन्या पत्त्याची पाटी त्याच्यावर लावायची आणि खराब खण कायमचा बंद. मालकाला यातलं काही कळत नाही. डिस्क वर्षानुवर्षं गुपचूप अशी ठिगळं लावत असते.

## पहिला प्रश्न: दिवाणजीच्या वहीत काय लिहिलंय?

दिवाणजी हे सगळं एका वहीत टिपून ठेवतो. त्या वहीचं नाव स्मार्ट. ही सोय १९९० च्या दशकात डिस्कमध्ये आली. क्रिस्टलडिस्कइन्फो काय किंवा लिनक्सवाल्यांचं (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली) स्मार्टमॉनटूल्स काय, ही टूल्स आधी ती वही उघडून आपल्याला वाचून दाखवतात. दोन सेकंदांचं काम, डिस्कवर भार नाही. म्हणून सुरुवात नेहमी इथून.

वहीत वीसेक ओळी असतात आणि लोक सगळ्या वाचत बसतात. गरज तीन-चारांची असते. ०५ या क्रमांकाची ओळ म्हणजे आतापर्यंत किती खण कायमचे बदलले. सी५ म्हणजे आत्ता किती खण संशयित आहेत. सी६ म्हणजे डिस्कनं निवांतपणे स्वतः तपासूनही किती खण वाचता आले नाहीत. सी७ ही वेगळ्या घराण्यातली ओळ, तिच्याकडे नंतर येऊ. पहिल्या तिघींत शून्य असावा. शून्य नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा पडतो.

मालकांच्या डिस्कची ०५ ची ओळ शून्य होती आणि सी५ च्या ओळीत शेवटी १८. पोरानं कागदावर अठरा लिहिलं होतं. इथं एक गंमत आहे. हे टूल मूळ आकडे दहाच्या नव्हे, सोळाच्या हिशेबात दाखवतं. त्यातला १८ म्हणजे आपला २४. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकडा दशमान करून घेता येतो. दुकानातल्या मशीनवर मी ते पहिल्याच दिवशी केलं, कारण १० ला दहा समजून मी स्वतः एकदा फसलो होतो. तो सोळा होता.

सी५ मध्ये आकडा दिसला म्हणजे डिस्क मेलीच असंही नाही. लिहिता लिहिता लाइट गेली की एखादा खण अर्धवट लिहिला जातो. खण चांगला असतो, आतला मजकूर तेवढा अर्धा, त्यामुळे तो जुळत नाही आणि संशयितांत जातो. ज्यांच्याकडे यूपीएसची बॅटरी फक्त शोभेला उरली आहे त्यांच्याकडे हे बऱ्याचदा दिसतं. पुन्हा पूर्ण लिहिलं की तो आकडा आपोआप खाली येतो. ०५ मात्र कधीच खाली येत नाही. कापलेलं बोट परत उगवत नाही तसं.

## मग वही म्हणतेय 'पास', त्याचं काय?

वहीच्या वरच्या बाजूला डिस्क स्वतःचा एक निकाल देते: पास किंवा नापास. हा दहावीच्या ३५ गुणांसारखा निकाल आहे. प्रत्येक ओळीला १०० किंवा २०० वरून सुरू होणारे गुण असतात, दुखणं वाढेल तसे ते उतरतात, आणि कंपनीनं ठरवलेल्या पासिंगच्या रेषेवर किंवा तिच्याखाली गेले की नापास. रेष कंपनीच आखते आणि ती बरीच खाली आखते. शेकडो खण बदलून झालेली डिस्क 'पास' म्हणून मिरवताना मी पाहिली आहे. पोरगं पास झालं एवढ्यावर कुठला बाप खूश होतो? मार्कशीट मागतोच की. इथंही शेऱ्यावर जाऊ नका, ०५ आणि सी५ चे मूळ आकडे बघा.

याची उलटी चूकही होते. काही कंपन्यांच्या, विशेषतः सीगेटच्या डिस्कमध्ये 'रीड एरर रेट' आणि 'सीक एरर रेट' या ओळींत कोटींचे आकडे दिसतात आणि माणूस घामाघूम होतो. तो आकडा म्हणजे नुसत्या चुका नसतात, एकूण किती वेळा वाचलं किंवा हेड हलवलं याची गिनतीही त्यातच घातलेली असते. तिकडं दुर्लक्ष करा.

## दुसरा प्रश्न: नमुना घ्यायचा की पोतं ओतायचं?

यार्डात सौद्याच्या वेळी पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर हळद काढतात, तळव्यावर घेऊन बघतात. दोन मिनिटांत अंदाज येतो. पण ज्या कोपऱ्यात नळी गेली नाही तिथं बुरशी असेल तर ती नळीला कशी दिसणार?

डिस्कची छोटी चाचणी म्हणजे ही नळी. मोटर फिरतेय का, हेड हलतंय का, विजेचं सगळं ठीक आहे का, आणि तबकडीचा थोडा भाग वाचता येतोय का, एवढं साधारण दोन मिनिटांत बघून ती निकाल देते. मालकांची डिस्क तिच्यात पास झाली आणि ते खरंच होतं. व्हिक्टोरियात जे तीन निळे ठिपके दिसले, त्या ठिकाणी नळी गेलीच नव्हती.

मोठी चाचणी म्हणजे पोतं ताडपत्रीवर ओतणं. पहिल्या खणापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचायचं. सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला पावणेतीन तास. मोठ्या डिस्कला रात्र जाते. पहिला न वाचता येणारा खण लागला की ही चाचणी साधारणपणे तिथंच थांबते आणि त्याचा पत्ता सांगते. त्यामुळे 'एकच खराब निघाला' असं समजू नका, तो सापडलेला पहिला आहे.

या दोन्ही चाचण्यांची एक गोष्ट दुकानदारांनाही पुष्कळदा माहीत नसते. त्या डिस्कच्या पोटातच होतात. बाहेरून आपण फक्त 'चालू कर' म्हणतो. वाचलेला माल केबलमधून पीसीपर्यंत येतच नाही. म्हणजे केबल कुजकी असो, पोर्ट ढिलं असो, या चाचण्यांना त्याचा पत्ता नसतो. हे लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

## तिसरा प्रश्न: मिळालं, पण किती वेळानं मिळालं?

व्हिक्टोरिया किंवा एचडीडीस्कॅन ही टूल्स डिस्कचा एकेक तुकडा मागतात आणि घड्याळ लावून बसतात. राखाडी चौकोन म्हणजे झटपट मिळालं, हिरवा म्हणजे जरा उशीर, केशरी-लाल म्हणजे फार उशीर, निळा म्हणजे मिळालंच नाही.

उशिराचा अर्थ कळायला थोडा हिशेब करू. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०; एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. एखाद्या तुकड्याला ५०० मिलिसेकंद लागले म्हणजे तबकडी साठ वेळा फिरली. दिवाणजी साठदा त्याच खणापाशी डोळे बारीक करून उभा राहिला आणि शेवटी त्याला वाचता आलं. विंडोजला फाइल बरोबर मिळाली, कुठंही चूक नोंदवली गेली नाही, वहीतही कदाचित शून्यच. पण खण चालला आहे. वहीपेक्षा घड्याळ कधी कधी आधी बोलतं ते असं. असे लाल चौकोन एका पट्ट्यात ओळीनं आले, तर मला ते विखुरलेल्या दोन-चारांपेक्षा जास्त खटकतात.

आता मघाची गोष्ट. ही टूल्स माल केबलमधून बाहेर मागवतात. समजा मोठी चाचणी स्वच्छ पास झाली, पण व्हिक्टोरियात जागोजागी लाल आणि प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी. पोटातली तपासणी चांगली, बाहेर येताना अडचण. मग संशय वाटेवर घ्यायचा: केबल, पोर्ट, पॉवर. इथं ती सी७ ची ओळ उपयोगी पडते. डिस्क आणि पीसी यांच्यामधल्या वाटेवर माल किती वेळा बिघडून पोचला, ते ती सांगते. हा आकडाही परत शून्य होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवायचा, केबल बदलायची आणि आठवड्यानं बघायचं. वाढला नाही तर रोग केबलचा होता. मिरजेचे एक शिक्षक नवी डिस्क घ्यायच्या बेतानं आले होते, शे-दीडशे रुपयांची केबल घेऊन गेले. आकडा तिथंच थांबला आहे.

बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर आणखी एक फाटा. मधला यूएसबीचा अडॅप्टर कधी कधी वही उघडूच देत नाही. टूलमध्ये डिस्क दिसत नाही किंवा आकडे कोरे दिसतात. डबीतून डिस्क काढून सरळ पीसीला लावली की दिसतात. पण काहींच्या बोर्डावरच यूएसबीचं पोर्ट असतं, तिथं उघडून उपयोग नाही, उगाच मोडाल.

## चेकडिस्कला सगळं ठीक कसं काय दिसलं?

चेकडिस्क हा गोदाम तपासणारा माणूसच नाही. तो हिशेबनीस आहे. कुठली फाइल कुठे ठेवली, एकच जागा दोघांच्या नावावर पडली का, याच्या विंडोजच्या स्वतःच्या खतावण्या जुळतात का, हे तो बघतो. मालकांच्या खतावण्या जुळत होत्या. माल कुजला की नाही, हे त्याला त्या साध्या आवृत्तीत विचारलंच नव्हतं.

त्याला 'आर' जोडून चालवलं की तो गोदामातही शिरतो आणि सगळे खण वाचत सुटतो. बरेच जण डिस्क आजारी दिसली की पहिलं हेच चालवतात. यूट्यूबवरही हेच सांगतात. माझा याला सक्त विरोध आहे आणि त्याचं कारण माझ्याच हातून झालेला घोटाळा आहे. काही वर्षांपूर्वी एका फोटो स्टुडिओची डिस्क आली. एका सीझनची लग्नं तिच्यावर. फोल्डर उघडायला वेळ घेत होती, म्हणून मी रात्री चेकडिस्क 'आर' लावून दुकान बंद केलं. सकाळी शटर वर केलं तर आतून खट-खट-खट आवाज. हेड जागेवर जायला बघत होतं आणि परत येत होतं. रात्रभर कुजक्या खणांवर डोकं आपटून घ्यायला मीच लावलं होतं. आदल्या संध्याकाळी कॉपी लावली असती तर निम्म्याहून जास्त नक्की निघालं असतं. स्टुडिओवाले बोलले नाहीत काही. त्याचा जास्त त्रास झाला.

शिवाय चेकडिस्क दुरुस्ती करतो म्हणजे खतावण्यांत खाडाखोड करतो. अर्धवट वाचता येणाऱ्या डिस्कवर खाडाखोड म्हणजे उरलेला मागही पुसणं. डेटा बाहेर निघाल्यावर काय हवं ते चालवा.

## मग आधी चाचणी की आधी कॉपी?

आधी कॉपी. प्रत्येक चाचणी डिस्कच्या उरलेल्या आयुष्यातून खाते. वही वाचणं फुकट आहे, तेवढं करा. सी५ किंवा सी६ मध्ये आकडा दिसला की मोठी चाचणी, व्हिक्टोरिया, सगळं बाजूला ठेवा आणि माल बाहेर काढा. सगळ्यात आधी जे परत मिळणार नाही ते: हिशेब, फोटो, दाखले. सिनेमे राहिले तरी चालतील.

साधी कॉपी अडखळत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू नावाचं मोफत टूल आहे. अवकाळी पावसानंतर तासगावचा बागायतदार काय करतो? कुजक्या घडाशी झटत बसत नाही, धड निघणारे घड आधी उतरवून घेतो. हे टूल तेच करतं. सहज वाचता येणारे भाग पहिल्या फेरीत घेतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि सगळं सोपं निघाल्यावर त्या टिपणाप्रमाणं अवघड जागांकडे परत वळतं. मध्ये लाइट गेली तरी टिपण असल्यामुळं पुढून सुरू होतं. विंडोजची कॉपी नेमकी उलटी, पहिल्या कुजक्या घडापाशी अडून बसते.

डिस्क खट-खट करत असेल, फिरून बंद पडत असेल, किंवा बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) दिसत नसेल तर एकही टूल चालवू नका. तिथं सॉफ्टवेअरचं काम संपलं. बंद करा आणि डेटा खरोखर लाखमोलाचा असेल तर स्वच्छ खोली असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे न्या. २०१९ च्या महापुरानंतर बऱ्याच जणांनी चिखलातली डिस्क उन्हात वाळवून 'लागते का बघू' म्हणून लावली होती. बहुतेक डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं. तिथून पाणी आत जातं आणि वाळलं की गाळाचा थर तबकडीवर राहतो. त्याच्यावरून हेड फिरवलं की उरलेलं संपलं.

## वहीत सगळं शून्य असेल तर निर्धास्त राहायचं?

नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या वहीत खात्रीच्या चार खुणांपैकी एकही नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त न सांगता गेल्या. बॅकब्लेझ ही अमेरिकेतली कंपनी लोकांचा बॅकअप ठेवते आणि आपल्या डिस्कचे आकडे उघडपणे छापते. तिनं २०१६ मध्ये पाच ओळी तपासल्या, ०५, सी५ आणि सी६ त्यांतल्याच. बंद पडलेल्यांपैकी ७६.७ टक्के डिस्कमध्ये पाचांपैकी निदान एकीत आकडा होता, चालू असलेल्यांपैकी फक्त ४.२ टक्क्यांत.

दोन्ही अभ्यासांत फरक आहे, पण दिशा एकच. शून्यावर भरवसा ठेवता येत नाही. आकडा दिसला तर मात्र तो गंभीरपणे घ्यावा लागतो. गूगलच्याच अभ्यासात, तपासणीत पहिला न वाचता येणारा खण सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, तसा खण न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली.

## 'फॉरमॅट मारला की बॅड सेक्टर जातात ना?'

अर्धं खरं. क्विक फॉरमॅट नुसती नवी खतावणी उघडतो, खणांना हातही लावत नाही. पूर्ण फॉरमॅट सगळीकडे लिहितो, त्यामुळे संशयितांचा निकाल लागतो: काही सुटतात, काहींच्या जागी राखीव खण येतात. सी५ शून्य होतो आणि लोक म्हणतात, डिस्क दुरुस्त झाली. सेकंडहँड बाजारात 'हेल्थ १०० टक्के' म्हणून फिरणाऱ्या डिस्कमध्ये अशा धुतलेल्या बऱ्याच असतात. तिथं सी५ बघू नका, ०५ बघा आणि डिस्क किती तास चालली तेही बघा.

फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय अजून कुणी ना कुणी सांगतंच. बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. पुढचं सांगायला नको.

## 'काहीच खराब नाही, तरी कॉपी मुंगीसारखी चालते'

हेही होतं. लॅपटॉपच्या आकाराच्या बऱ्याच मोठ्या डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, जागा वाचावी म्हणून. मधलं एक कौल बदलायचं तर आजूबाजूची उचलावी लागतात, तसं इथं एक पट्टा बदलायला शेजारचे परत लिहावे लागतात. सलग पुष्कळ लिहिलं की वेग पार खाली येतो. तो स्वभाव आहे, आजार नाही. लिहिताना हळू पण वाचताना बरी असेल आणि वहीत शून्य असेल तर सोडून द्या.

## 'एसएसडी घेतली म्हणजे कटकट मिटली?'

एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. फिरणारी तबकडी नाही, हेड नाही, खट-खट नाही. ही शेवटची गोष्टच जरा अडचणीची. एसएसडीच्या वहीत किती टक्के आयुष्य वापरलं ते दिसतं आणि तो आकडा उपयोगाचाही आहे, पण तिच्यातला कंट्रोलर, म्हणजे सगळं सांभाळणारी चिप, गेला तर ती संध्याकाळी असते आणि सकाळी नसते. हार्ड डिस्क कण्हते तरी. विंडोजसाठी एसएसडी घ्याच, वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हिशेबाची प्रत मात्र दुसऱ्या डिस्कवर हवी, आणि ती डिस्क कायम पीसीला जोडलेली नको. वॉरंटीचंही तेच: कंपनी डिस्क बदलून देते, आतली लग्नं नाही.

## त्या डिस्कचं पुढं काय झालं

डीडीरेस्क्यूनं पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं काढलं, दुसऱ्या फेरीत काही अडलेले खण सुटले. शेवटी जे निघालेच नाहीत ते कशात होते म्हणून शोधलं तर एका बारशाच्या व्हिडिओत. टॅलीला धक्का नव्हता. मग निवांतपणे पूर्ण डिस्क शून्यांनी लिहिली. सी५ शून्य झाला, ०५ आठ झाला. मालकांनी पडद्याकडे बघून विचारलं, "आता चांगली झाली म्हणायची? गोदामातल्या कॅमेऱ्यांना लावतो मग." मी नको म्हटलं. कॅमेऱ्याची डिस्क दिवसरात्र लिहीत असते, आजारी बैलाला नांगराला जुंपण्यातलाच प्रकार. पण चालू डिस्क टाकून द्यायला व्यापाऱ्याचा हात धजत नाही. डिस्कवर चिकटपट्टी लावून तारीख आणि आकडे पेननं लिहून दिले: ०५ – ८, सी५ – ०.

मालकांनी ती कॅमेऱ्यांनाच लावली. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमध्येही (रेकॉर्डिंगच्या डब्यात) स्मार्टचा तक्ता दिसतो. पोरानं अठरा दिवसांनी त्याचा फोटो पाठवला: ०५ – २३२, सी५ – ५६. खाली मालकांचा निरोप होता, नवी केवढ्याला पडेल?

नवी नेली. जुनी दुकानात ठेवून गेले आहेत, "असू दे, बघू" म्हणून.